स्वादुपिंडातील मंदगती अर्बुद : न्यूरोएंडोक्राइन कर्करोगाची संप्राप्ती

स्वादुपिंडाचा कर्करोग हे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले ते मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणामुळे. गोव्याचे मुख्यमंत्री असताना फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना मुंबईच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जेमतेम तेरा महिने. तेव्हापासून खानदेशातील सामान्य माणसाच्या मनात या व्याधीचे एकच चित्र ठसलेले आहे : निदान झाले की दिवस मोजायचे. आपल्या वैद्यबंधूंच्या मनातील चित्रही फारसे वेगळे नाही. सोनोग्राफीच्या अहवालात स्वादुपिंडात गाठ असल्याचे वाचले की आपण नातेवाइकांस बाजूला घेतो, आवाज खाली आणतो आणि सांगतो की आता सेवा करा.

वास्तविक या एका नावाखाली अगदी भिन्न स्वभावाचे व्याधी नांदतात. त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ रुग्णांना जो असतो, तो स्वादुपिंडातील नलिकांच्या अस्तरापासून निघणारा अॅडिनोकार्सिनोमा होय. तो खरोखरीच दारुण आहे. अमेरिकेतील आकडेवारीनुसार स्वादुपिंडाचे सर्व कर्करोग एकत्र धरले तरी पाच वर्षे जगणारे रुग्ण शेकडा बारा-तेराच्या आसपासच आहेत. प्रस्तुत लेख त्याविषयी नाही. उरलेल्या थोड्या रुग्णांत जो एक विरळा प्रकार आढळतो, त्या न्यूरोएंडोक्राइन अर्बुदाची संप्राप्ती येथे मांडण्याचा हेतू आहे. हे अर्बुद एका जागी मर्यादित असताना सापडले व शस्त्रकर्माने काढले, तर पाच वर्षांनंतर शेकडा नव्वदहून अधिक रुग्ण हयात असतात. एकाच अवयवातील दोन गाठींमध्ये एवढे अंतर असेल, तर 'गाठ आहे' एवढ्या वाक्यावर थांबणे वैद्यास शोभणारे नाही. आम्ही स्वतः या बाबतीत दोनदा चुकलो आहोत. त्यांतील एक चूक निदानाची होती व दुसरी मौनाची. दोन्ही पुढे ओघाने येतील.

प्रथम अवयवाचा विचार करू. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यास आडवे असे पहुडलेले असते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वजन ८० ते १०० ग्रॅम. त्याचा फार मोठा भाग पाचक रस निर्माण करतो आणि तो रस नलिकेवाटे ग्रहणीत सोडतो. परंतु या भागामध्ये विखुरलेली पेशींची लहान लहान बेटे असतात. बर्लिन येथे शिकणाऱ्या पॉल लँगरहॅन्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १८६९ साली आपल्या प्रबंधात त्यांचे प्रथम वर्णन केले. त्यांचे कार्य काय, हे मात्र त्याला उमगले नव्हते. अशी सुमारे दहा लाख द्वीपके एका स्वादुपिंडात असतात, आणि तरीही सर्वांचे मिळून वजन ग्रंथीच्या शेकडा एक-दोन भागाइतकेच भरते. त्यांतील बीटा पेशी इन्शुलिन, अल्फा पेशी ग्लुकॅगॉन आणि डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन निर्माण करतात. हे स्राव नलिकेत न जाता थेट रक्तात मिसळतात.

नलिकेच्या अस्तरातून निघालेला कर्करोग आणि द्वीपकांच्या पेशींच्या कुळातील अर्बुद यांचा भेद येथूनच सुरू होतो. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तेव्हा पहिल्या प्रकारात त्याला वेड्यावाकड्या, तुटक ग्रंथी दिसतात आणि त्यांच्याभोवती तंतुमय धातूचा दाट, कठीण थर असतो. जणू पेशी थोड्या आणि व्रणासारखा कठीण भागच अधिक. या थरामुळे औषध आत पोहोचणेही अवघड होते. मज्जातंतूंच्या आवरणात शिरण्याची या पेशींना विशेष खोड असते. पाठीत जाणारी ती असह्य वेदना बऱ्याच अंशी त्यामुळेच. न्यूरोएंडोक्राइन अर्बुदाचे दृश्य याच्या उलट. पेशी एकसारख्या, गोलसर, शिस्तीत बसलेल्या. कोठे पुंजक्यांनी, कोठे नागमोडी ओळींनी. केंद्रकातील रंगद्रव्य बारीक दाणेदार असते, त्यास विकृतिशास्त्रज्ञ मीठ-मिरपूड म्हणतात. ओळींच्या मधून केशवाहिन्यांचे दाट जाळे जाते. म्हणूनच सी.टी. स्कॅनमध्ये रंगद्रव्य शिरेत सोडल्यावर रोहिणी-अवस्थेत ही गाठ भोवतालच्या ग्रंथीपेक्षा उजळ दिसते, तर नेहमीचा कर्करोग काळवंडलेला, मंद दिसतो. खाली पेशींत जे आहे त्याचीच ही सावली.

तथापि केवळ नजरेवर विसंबून चालत नाही. पेशी न्यूरोएंडोक्राइन कुळातील आहेत हे ठरविण्यासाठी सिनॅप्टोफायसिन व क्रोमोग्रॅनिन ए या प्रथिनांचे विशेष रंजन करावे लागते. आणि त्यापुढची तपासणी म्हणजे की-६७. जर्मनीतील कील या शहरात १९८३ साली हे प्रतिद्रव्य सापडले. त्या शहराचे नाव आणि तपासणीच्या तबकडीतील सदुसष्टावी खाच, यांवरून हे नाव पडले. विभाजनाच्या अवस्थेत असलेल्या पेशींच्या केंद्रकांवरच ते चिकटते. म्हणजे शंभर पेशींपैकी किती पेशी या घटकेस वाढीच्या कामास लागल्या आहेत, हे मोजता येते. शेकडा तीनपेक्षा कमी असतील तर ग्रेड १. तीन ते वीस असतील तर ग्रेड २. विसाहून अधिक असतील तर ग्रेड ३. याच्याच जोडीने दोन चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजित होणाऱ्या पेशी किती, हेही मोजतात आणि दोहोंपैकी जो ग्रेड वरचा येईल तो धरतात.

आमच्या मते अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच होय, आणि तोच आपण वाचत नाही. आपली नजर 'कार्सिनोमा' किंवा 'ट्यूमर' या शब्दावर थांबते.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. ग्रेड ३ म्हणजे सर्व संपले, असे २०१७ पर्यंत सरसकट मानले जाई. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याचे दोन भाग करण्यात आले. ज्यात पेशींची शिस्त टिकून आहे, केवळ वेग वाढला आहे, ते ग्रेड ३ चे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. आणि ज्यात शिस्तच मोडली आहे, तो न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. दुसरा प्रकार फुप्फुसातील लहान पेशींच्या कर्करोगासारखा उग्र असतो व त्याची चिकित्साही तशीच असते. मुळातील गुणसूत्रांचे दोषही वेगळे. नेहमीच्या नलिकाजन्य कर्करोगात दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत के-रास या जनुकात बिघाड आढळतो. शिस्तबद्ध न्यूरोएंडोक्राइन अर्बुदात तो नसतो. तेथे मेन-१, डॅक्स व एटीआरएक्स ही जनुके बिघडलेली आढळतात. उग्र कार्सिनोमात आणखी तिसरीच. म्हणजे मंद अर्बुद हे दारुण अर्बुदाची आरंभीची पायरी नव्हे. दोघांची वंशावळ निराळी आहे.

मेन-१ हे जनुक जन्मतःच सदोष असेल, तर एकाच व्यक्तीत परावटु ग्रंथी, पीयूषिका ग्रंथी आणि स्वादुपिंड या तिन्ही ठिकाणी गाठी होतात. परावटु बिघडल्याने रक्तातील कॅल्शियम वाढते व मुतखडे होतात. आपल्याकडे मुतखड्याचा रुग्ण नवा नाही, आणि प्रत्येकाच्या मागे हा व्याधी शोधत बसणे हास्यास्पद ठरेल. परंतु पुन्हा पुन्हा मुतखडा होणाऱ्या तरुणास बरा न होणारा परिणामशूलही असेल, आणि वडील किंवा भावंडे यांचीही तशीच कहाणी असेल, तर एकदा कॅल्शियमची तपासणी सुचवावी.

आता लक्षणांकडे वळू. या अर्बुदांपैकी निम्म्याहून अधिक मुकी असतात. म्हणजे कोणताही स्राव अशा प्रमाणात सोडत नाहीत की रुग्णास काही जाणवावे. ती मोठी होऊन अवयवांवर दाब देतात तेव्हा, किंवा दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली असता सापडतात. उरलेली बोलकी असतात, आणि ज्या पेशीपासून ती निघाली त्या पेशीचा स्राव बेसुमार सोडतात. त्यांचे रुग्ण कर्करोगाचे म्हणून कोणाकडेही जात नाहीत. ते अम्लपित्ताचे, अतिसाराचे, त्वचारोगाचे आणि अपस्माराचे म्हणून आपल्याकडे येतात.

आमची पहिली चूक येथील आहे. यावल तालुक्यातील एक भगिनी, वय चाळिशीच्या आतबाहेर, केळीच्या बागेत मजुरीस जाणारी. पहाटे असंबद्ध बोलणे, घाम, हातापायांस कंप, एक-दोनदा बेशुद्धी व आचके. श्रावणात कानबाईच्या उपवासाच्या दिवशी असे झाले, तेव्हा अंगात आले असे समजून घरच्यांनी हळदकुंकू लावले. पुढे आमच्याकडे आणले. आम्ही अपस्माराचे निदान केले व ब्राह्मी वटी, सारस्वतारिष्ट, पंचगव्य घृत असा क्रम सात महिने चालविला. अरिष्ट घेतल्यावर तिला बरे वाटे, आणि आम्हास समाधान वाटे. आज विचार करता, त्या बरे वाटण्यात ब्राह्मीपेक्षा अरिष्टातील साखर व मध यांचाच वाटा अधिक असावा. या काळात तिचे वजन सात-आठ किलोंनी वाढले होते. आम्ही ते औषध लागू पडल्याचे चिन्ह मानले.

निदान केले ते तिच्या सासूबाईंनी. बोलता बोलता त्या आपल्या अहिराणीत सांगून गेल्या की, बागेत अशी वेळ आली की सोबतच्या बाया हिला दोन केळी खाऊ घालतात आणि ती पाच-दहा मिनिटांत उठून कामास लागते. म्हणून आता ती रात्रीही उशाशी केळी ठेवूनच निजते. अपस्माराचा वेग केळ्याने थांबत नाही. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमोर तपासले. ग्लुकोमीटरवर आकडा ४१ होता. साखरेचे पाणी दिले आणि दहा मिनिटांत तिने आमच्या कंपाउंडरला नावाने हाक मारली.

ही त्रिसूत्री अमेरिकेतील शल्यविद अॅलन व्हिपल यांनी १९३५ सालीच सांगून ठेवली आहे : उपाशीपोटी लक्षणे, त्याच वेळी रक्तशर्करा घटलेली, आणि शर्करा दिल्यावर लक्षणांचा उपशम. इन्शुलिनचा शोध १९२१ चा. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९२७ मध्ये, मेयो क्लिनिकमध्ये अशाच एका रुग्णावर शस्त्रकर्म करण्यात आले. तो रुग्ण स्वतः वैद्यकीय व्यवसायी होता. त्याच्या यकृतात पसरलेल्या गाठींचा अर्क सशांना टोचल्यावर त्यांची रक्तशर्करा खाली आली आणि अर्बुदच इन्शुलिन बनविते हे सिद्ध झाले. १९२९ मध्ये टोरांटो येथे रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला.

आमच्या रुग्णेस पुढे मोठ्या रुग्णालयात दाखल करून देखरेखीखाली उपवास घडविण्यात आला. तो ७२ तासांपर्यंत करावा लागतो. तिचा चौदा तासांतच थांबवावा लागला. रक्तात इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही वाढलेले होते. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनसोबत सी-पेप्टाइड येत नाही, म्हणून ही दुसरी तपासणी महत्त्वाची. स्वादुपिंडाच्या शेपटाकडील भागात दीड सेंटिमीटरची गाठ सापडली, ती काढण्यात आली, ग्रेड १ निघाली. इन्शुलिन सोडणारी दहापैकी सुमारे नऊ अर्बुदे अशी एकटी, लहान आणि न पसरणारी असतात. हा उपवास घरी किंवा चिकित्सालयात कोणी करून पाहू नये. त्यात प्राण जाऊ शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी याच संदर्भात एक कटू गोष्ट. रक्तशर्करा अशी अकस्मात उतरण्याचे कारण प्रत्येक वेळी अर्बुद नसते. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या, लेबलावर घटक नसलेल्या चूर्णांत व गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखे मधुमेहाचे अर्वाचीन औषध मिसळलेले असू शकते. त्याने इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही वाढतात, म्हणजे अहवाल हुबेहूब अर्बुदासारखा येतो. सिंगापूरमध्ये २००८ साली वाजीकरणाच्या म्हणून विकलेल्या अशाच भेसळयुक्त मालामुळे मधुमेह नसलेल्या १५० जणांना रक्तशर्करा उतरून रुग्णालयात जावे लागले आणि त्यांतील चौघे दगावले. म्हणून रुग्णास शस्त्रकर्माकडे पाठविण्यापूर्वी तो कोणते चूर्ण घेतो हे विचारावे, आणि आपल्या दुकानात बिलाशिवाय आलेला माल ठेवू नये. आयुर्वेदाचे नाव ज्या गोष्टींनी खराब होते त्यांत ही अग्रक्रमाने येते.

बोलक्या अर्बुदांतील दुसरे म्हणजे गॅस्ट्रिन सोडणारे. झोलिंगर आणि एलिसन यांनी १९५५ मध्ये दोन रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. जठरात आम्ल इतके वाढते की व्रण एका जागी न राहता ग्रहणीच्या पुढच्या भागातही पडतात. हे अर्बुद स्वादुपिंडापेक्षा ग्रहणीच्या भिंतीत अधिक आढळते, आकाराने लहान असते आणि इन्शुलिनवाल्या गाठीच्या उलट, निम्म्याहून अधिक वेळा पसरण्याच्या स्वभावाचे असते. सूतशेखर, कामदुधा, अविपत्तिकर यांनी उतार न पडणारे अम्लपित्ताचे रुग्ण आपल्याकडे ढिगाने आहेत. त्यांतील बहुतेकांचे कारण तिखट शेवभाजी, तंबाखू आणि जागरण हेच असते. वेगळे ओळखायचे ते असे : अम्लपित्तासोबत पातळ जुलाब, वर्षानुवर्षे, आणि पँटोप्राझोल घेतले की दोन्ही थांबतात, सोडले की दोन्ही परततात. दुकानदारास असा ग्राहक आपल्याआधी दिसतो, कारण तो चिठ्ठीविना दर महिन्यास तीच पट्टी मागतो. त्यास वैद्याकडे पाठवावे. मात्र गोळी एकाएकी बंद करावयास कधीही सांगू नये. खरोखरीच हे अर्बुद असेल तर व्रण फुटून रक्तस्राव होऊ शकतो. याच गोळीचा आणखी एक उपद्व्याप ध्यानात ठेवावा : ती चालू असताना रक्तातील गॅस्ट्रिन आणि क्रोमोग्रॅनिन ए हे दोन्ही अर्बुद नसतानाही वाढलेले येतात. क्रोमोग्रॅनिनचा वाढलेला आकडा हाती घेऊन कर्करोगाच्या धास्तीने आलेला एक रुग्ण आम्ही पाहिला आहे. त्याची गोळी चार वर्षे चालू होती, हे त्यास कोणी विचारलेच नव्हते.

इतर प्रकार फारच विरळा. ग्लुकॅगॉन सोडणाऱ्या अर्बुदात जांघा, नितंब व तोंडाभोवती सरकत जाणारे, सोलवटणारे लाल चट्टे उठतात, सोबत मधुमेह व कृशता. त्यांस आपण विसर्प किंवा विचर्चिका समजून लेप लावीत बसतो. व्ही.आय.पी. नावाचा स्राव सोडणाऱ्या अर्बुदात उपाशी असतानाही पाण्यासारखे जुलाब लिटरांनी होतात व पोटॅशियम घटून हातापायांतील बळ जाते.

आपल्या संहितांत याचे स्थान कोठे, हा प्रश्न वाचक विचारतीलच. स्वादुपिंड या अवयवाचे निःसंदिग्ध वर्णन संहितांत नाही. क्लोम म्हणजे स्वादुपिंड असे काही म्हणतात, काही पित्ताशय म्हणतात, काही श्वासनलिकेकडे बोट दाखवितात. हा वाद या लेखात सुटणार नाही. नेहमीचा कर्करोग स्वादुपिंडाच्या शिरोभागी असेल तर तो पित्तवाहिनी दाबतो आणि चरकांनी पांडुरोगाच्या अध्यायात सांगितलेल्या शाखाश्रित कामलेचे चित्र उभे राहते : डोळे-त्वचा पिवळी, मल मात्र तिळाच्या कल्कासारखा पांढुरका. असा रुग्ण आला की काढे सुरू करण्यापूर्वी सोनोग्राफी, हा नियम आम्ही आमच्यापुरता केला आहे. न्यूरोएंडोक्राइन गाठीस जवळचे वर्णन मात्र सुश्रुतांच्या अर्बुदाचे वाटते : वाटोळे, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मुळाचे, दीर्घकाळ वाढणारे आणि न पिकणारे. परंतु साम्य दिसले म्हणून नाव चिकटविण्याची घाई करू नये. सुश्रुतांनी पाहिलेली अर्बुदे हातास लागणारी होती. त्यांचे एक निरीक्षण मात्र आजच्या शल्यविदासही मान्य होईल. चिकित्सास्थानात ते बजावतात की, अर्बुदाचा अंश शेष ठेवला तर ते पुन्हा उद्भवते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा आपला आचार्यही येथे शस्त्र समूळ चालवा असेच सांगतो आहे.

आणि नेमकी येथेच आमची दुसरी चूक. धुळ्याहून एक गृहस्थ आले, वय बावन्न. मुतखड्यासाठी केलेल्या तपासणीत स्वादुपिंडाच्या मध्यभागी तीन सेंटिमीटरची गाठ सापडली होती. बायोप्सी झालेली, ग्रेड २, की-६७ शेकडा पाच, अन्यत्र कोठेही नाही. शल्यविदांनी शस्त्रकर्म सुचविले होते. गृहस्थांस काहीच त्रास नव्हता. त्यांनी विचारले, वैद्यराज, आपल्या औषधाने हे जमेल का? आम्ही होय म्हटले नाही. पण नाही असेही म्हटले नाही. कांचनार गुग्गुळ आणि पथ्य लिहून दिले आणि तीन महिन्यांनी या म्हटले. रुग्ण समोर बसून आपल्या शास्त्रावर विश्वास टाकतो तेव्हा त्यास नकार देणे जड जाते, हे वाचकांपैकी प्रत्येकास ठाऊक असेल.

स्टीव्ह जॉब्झ यांची कथा तेव्हाही प्रसिद्ध होती. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात हेच अर्बुद सापडले. शस्त्रकर्म नाकारून त्यांनी नऊ महिने आहार, वनस्पती आणि अॅक्युपंक्चर यांवर काढले. जुलै २००४ मध्ये शस्त्रकर्म झाले, २००९ मध्ये यकृत प्रत्यारोपण करावे लागले, आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी ते गेले. त्या नऊ महिन्यांनी किती बिघडविले, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. अर्बुद त्याआधीच पसरलेले असू शकते. परंतु निदानापासून आठ वर्षे जगणे हेही याच प्रकारात शक्य होते. त्या आठ वर्षांतच खरा धोका दडलेला आहे. उग्र कर्करोग रुग्णास पळावयास लावतो. मंद अर्बुद त्यास बसवून ठेवते, आणि तो बसलेला असताना जो वैद्य काही देत राहतो, त्यास आपल्या औषधाने रोग थोपवला असे खुशाल वाटू शकते. कांचनार गुग्गुळाने किंवा अन्य कोणत्याही कल्पाने हे अर्बुद विरघळल्याचा पुरावा नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, मुक्या, ग्रेड १ च्या गाठींना काही वेळा शल्यविद स्वतःच नुसते नजरेखाली ठेवतात. परंतु तो निर्णय स्कॅन पाहून, ठरावीक अंतराने तपासणी करीत घेतलेला असतो. आमचे तसे नव्हते. आम्ही दीड वर्ष नाडी पाहत होतो.

दीड वर्षाने केलेल्या स्कॅनमध्ये यकृतात ठिपके आले. तेव्हा आम्ही आमची चूक त्यांच्या मुलासमोर सांगितली व त्यांस मुंबईस जावयास लावले.

अशा रुग्णास पाठविताना काय सोबत द्यावे, ते सांगतो. केवळ अहवालाची झेरॉक्स पुरत नाही. बायोप्सीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो तो आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्याव्यात. रुग्णाचा तो हक्क आहे. पुढच्या ठिकाणी त्याच ठोकळ्यावरून नवे रंजन करता येते आणि पुन्हा सुई टोचण्याचे टळते. सुईने ओढलेल्या विरळ पेशींवरून की-६७ विश्वासार्ह येत नाही, हेही स्मरणात ठेवावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. जळगावहून रात्रीच्या गाडीने बसलेला रुग्ण सकाळी तेथे पोहोचतो. त्याच परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. या अर्बुदाच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनला धरून ठेवणारी ग्राहके दाट असतात. त्यांचा उपयोग दुहेरी : सोमॅटोस्टॅटिनसारख्या रेणूस गॅलियम-६८ जोडले की स्कॅनमध्ये अर्बुदाचा प्रत्येक अंश उजळतो, आणि त्याच रेणूस ल्युटेशियम-१७७ जोडले की किरणोत्सर्ग थेट त्या पेशींपर्यंत पोहोचतो. हे ल्युटेशियम ट्रॉम्बे येथील अणुभट्टीत तयार होते. याखेरीज ऑक्ट्रिओटाइड वा लॅनरिओटाइडची मासिक इंजेक्शने आणि एव्हरोलिमस, सुनिटिनिब ही पोटात घ्यावयाची औषधे आहेत. पसरलेला व्याधीही यांनी वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो.

आपले काम शस्त्रकर्मानंतर खऱ्या अर्थाने सुरू होते. स्वादुपिंडाचा भाग गेल्यावर पाचक रस कमी पडतो. मल स्निग्ध, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारा होतो आणि रुग्ण खाऊनही सुकतो. ऑक्ट्रिओटाइडनेही असे होऊ शकते. शल्यविदांनी दिलेल्या पॅनक्रियाटिनच्या कॅप्सूल जेवणाच्या घासांबरोबर घ्यावयाच्या असतात, आधी किंवा नंतर नव्हे. निम्मे रुग्ण ही चूक करतात. त्या आपण बंद करू नयेत. थोडे थोडे, वेळेवर, लघु अन्न, ताक, शस्त्रकर्मानंतरच्या मधुमेहाकडे लक्ष. कळण्याची भाकरी आणि ठेचा यांस काही महिने रजा.

धुळ्याचे ते गृहस्थ आजही येतात. यकृतातील ठिपके ल्युटेशियमच्या चार मात्रांनंतर लहान झाले आहेत, गेलेले नाहीत. दर २८ दिवसांनी इंजेक्शन असते. ते घेऊन परतताना आमच्याकडे उतरतात, पचनाची तक्रार सांगतात, आणि नवा अहवाल असला की तो आमच्यासमोर ठेवून आधी की-६७ चा आकडा कोठे लिहिला आहे ते स्वतःच बोटाने दाखवितात.